पकडीची किंमत : हिवाळी टायरचा मागोवा

मोटार यायच्या आधी उत्तरेकडच्या देशांत हिम पडायला लागलं की वाहतूक करणाऱ्यांना हायसं वाटायचं. फिनलंड, स्वीडन, रशिया, कॅनडा या मुलखांत उन्हाळ्यात जागोजागी तळी, दलदल आणि चिखल. घोडागाडीचं चाक रुतायचंच. थंडी वाढली, तळी गोठली, जमीन कडक झाली आणि वर हातभर हिम साचलं की चाकाच्या गाड्या बाजूला ठेवून घसरगाड्या बाहेर काढायच्या. जंगलात तोडलेले अजस्र ओंडके घोड्यांनी ओढून आणायचे ते याच दिवसांत. गोठलेल्या तळ्यावरून सरळ वाट पडायची आणि उन्हाळ्यातला वळसा वाचायचा.

अमेरिकेतल्या व्हर्मांटसारख्या भागांत त्या काळी रस्त्यावरचं हिम कुणी हटवत नसे. घोडे जुंपलेला मोठा लाकडी रूळ फिरवून ते दाबून बसवत, म्हणजे घसरगाडी छान पळे. तिथल्या लाकडी पुलांना छप्पर असायचं. त्यामुळे आतल्या फळ्या कोरड्या राहायच्या आणि घसरगाडीची पोलादी पट्टी त्यांवर खरडत अडायची. मग गावातर्फे माणूस नेमून बाहेरचं हिम फावड्याने पुलावर आणून पसरायचे. रस्त्यावर बर्फ घालायला पगारी माणूस!

मोटारीने हे सगळं फिरवलं. तिला चाकं होती, वजन होतं, वेग होता, आणि हिमाशी तिचं कधी जमलं नाही. सुरुवातीच्या कित्येक मालकांनी हिवाळाभर गाडी ठोकळ्यांवर चढवून कोठारात ठेवली आणि घोडा जुंपला. पण डॉक्टर, टपाल आणि दूधवाला यांना चार महिने थांबून चालणार नव्हतं. तिथून हिवाळी टायरच्या वंशावळीला सुरुवात होते. ही वंशावळ लावताना एक गोष्ट सारखी आडवी येते. बर्फावर पकड मिळवायचे उपाय पुष्कळ निघाले, मात्र फुकटचा एकही नव्हता. प्रत्येक उपायाची किंमत कुणीतरी मोजली, आणि दर वेळी तो 'कुणीतरी' बदलत गेला.

नालेपासून साखळीपर्यंत

या घराण्याचा मूळपुरुष शोधायचा तर घोड्याच्या खुराशी जावं लागतं. बर्फाळ प्रदेशातले नालबंद हिवाळ्याआधी घोड्याच्या नालेला टोकदार खिळे बसवून देत. खिळा बर्फात रुततो आणि पाय सरकत नाही, एवढं साधं तत्त्व. मोटार आली तेव्हा तेच तत्त्व तिच्या चाकावर चढलं.

जॉन बॉइड डनलपने १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये हवेचा टायर आणला, पण पहिले टायर अगदी गुळगुळीत होते. आज आपण झिजून 'गोटा झाला' म्हणून टाकून देतो, तसा टायर त्या काळी नवाच मिळायचा. ओल्या दगडी रस्त्यावरसुद्धा गाडी घसरायची. मिशेलिनने १९०५ मध्ये टायरवर चामड्याचा पट्टा चढवून त्यात पोलादी खिळे बसवले. घोड्याची नाल चाकावर आली ती अशी. दुसरीकडे जर्मनीतल्या कॉन्टिनेन्टलने १९०४ मध्ये रबरातच नक्षी पाडली. अमेरिकेच्या फायरस्टोनने १९०८ मध्ये जी नक्षी काढली ती आज पाहिली तर हसू येतं. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर 'नॉन स्किड', म्हणजे 'घसरणार नाही', ही इंग्रजी अक्षरंच तिरकी, ओळीने उठवलेली होती. गाडी धुळीतून गेली की मागे रस्त्यावर जाहिरात छापली जायची. गंमत सोडली तरी कल्पना पक्की होती. अक्षरांच्या कडा रस्त्याला धरत आणि मधल्या फटींतून पाणी निघून जाई.

खोल हिमात मात्र यातलं काहीच चालेना. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा गावच्या हॅरी वीडने पाहिलं की लोक चाकांना दोर आणि वेली गुंडाळून चिखलातून गाड्या काढतात. त्याने दोराच्या जागी लोखंडी साखळी आणली आणि १९०४ मध्ये पेटंट घेतलं. चाकाच्या दोन्ही बाजूंनी एकेक वेढा आणि मधे आडव्या साखळ्या, ही त्याची रचना जवळजवळ तशीच आजही वापरात आहे.

साखळीची किंमत चालक स्वतःच्या हातांनी मोजतो. बर्फात गुडघे टेकायचे, बोटं बधिर झालेली असताना कड्या अडकवायच्या, थोडं पुढे जाऊन पुन्हा ताणून घ्यायच्या. वेग ताशी ५० किलोमीटरच्या आतच ठेवायचा. मोकळा डांबरी रस्ता लागला की उतरून त्या काढायच्या, नाहीतर साखळीही तुटते आणि रस्ताही. घाट चढण्यापुरती साखळी उत्तम, पण रोजच्या कामावर जाणाऱ्याला ती परवडत नाही. त्याला हवा होता एकदा बसवला की हिवाळाभर न काढता चालणारा टायर.

नोकियाचा टायर

आपल्याकडे नोकिया म्हटलं की न तुटणारा मोबाइल फोन आठवतो. त्या नावामागे दक्षिण फिनलंडमधलं एक गाव आहे. १८९८ मध्ये स्थापन झालेला एक रबर कारखाना १९०४ मध्ये हेलसिंकीहून तिथे हलला. बुटांपासून सुरुवात करून त्याने १९२५ मध्ये सायकलचे आणि १९३२ मध्ये मोटारीचे टायर काढले. हाच कारखाना पुढे १९६७ मध्ये कागद आणि केबल बनवणाऱ्या कंपन्यांशी जोडला गेला आणि नोकिया उद्योगसमूह उभा राहिला. टायरचा धंदा १९८८ मध्ये त्यातून वेगळा झाला.

या कारखान्याने १९३४ मध्ये मालट्रकसाठी खास हिवाळी टायर आणला. जगातला पहिला हिवाळी टायर म्हणून त्याची नोंद होते. दोन वर्षांनी, १९३६ मध्ये, मोटारींसाठीचा टायर आला. त्याला नाव दिलं 'लुमी-हक्कापेलिट्टा'. 'लुमी' म्हणजे हिम. हक्कापेलिट्टा हे सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात स्वीडनच्या राजाकडून लढलेले फिनिश घोडेस्वार. नाल ठोकलेल्या घोड्यावरून रबरी चाकावर आलेल्या या वस्तूला घोडेस्वाराचं नाव मिळावं, हा योगायोग चांगलाच जुळला. तेच नाव त्या कंपनीच्या टायरवर आजही असतं.

त्या टायरमध्ये नवं काय होतं? साध्या टायरवरच्या खाचा बहुतेक चाकाच्या दिशेने, लांबीत धावायच्या. फिनिश टायरवर त्या आडव्या आणि खोल होत्या, मधले रबरी ठोकळे मोठे होते. फिनलंडमध्ये हिवाळाभर रस्त्यावर दाबलेलं हिम असायचं, आणि हिमाचा एक गुण असा की ते स्वतःलाच घट्ट धरतं. मुठीत दाबलं की लाडू वळतो. टायरच्या खोल खाचेत हिम दाबून भरतं आणि ते भरलेलं हिम रस्त्यावरच्या हिमाला धरतं. म्हणजे हिमावरची पकड बरीचशी हिमाचीच असते. चाक फिरताना ठोकळे वाकतात, जुनं हिम झटकून टाकतात आणि नवं भरून घेतात. हे झटकणं जमलं नाही तर खाचा बुजतात आणि टायर पुन्हा गोटा होतो. हिवाळी टायरची नक्षी पाहताना भरणं-झटकणं ही जोडी लक्षात ठेवली, की कारागिरी कुठे आहे ते कळतं.

बर्फ निसरडा का?

हिमाचा प्रश्न असा बराचसा सुटला. उरला तो कडक, चकचकीत बर्फ. तो खाचेत भरत नाही आणि लाडूही वळू देत नाही.

बर्फ निसरडा का असतो, यावर मोठमोठ्यांनी डोकं खर्च केलं आहे. मायकेल फॅरेडेने १८५० च्या सुमारास सुचवलं, की बर्फाच्या पृष्ठभागावर गोठणबिंदूच्या खालीही पाण्यासारखा पातळ थर असतो. १८८६ मध्ये जॉन जोलीने दाबाचा सिद्धान्त मांडला : वजनाखाली बर्फ वितळतो म्हणून पाय सरकतो. पण हिशेब केला तर दाबाने होणारं वितळणं कडक थंडीत फारच अपुरं पडतं. १९३९ मध्ये बाउडेन आणि ह्यूज यांनी प्रयोगांतून दाखवलं, की घसरताना होणाऱ्या घर्षणाची उष्णताच बराचसा बर्फ वितळवते. आज या गोष्टींचा एकत्र विचार होतो. चालकाच्या कामाचा निष्कर्ष एवढाच : शत्रू बर्फापेक्षा त्याच्यावरचं पाणी आहे. म्हणून उणे २० अंशांतला बर्फ त्या मानाने बरा असतो, आणि शून्याच्या आसपासचा, दुपारी किंचित सुटलेला, वरून ओला झालेला बर्फ सगळ्यात घातक.

पाण्याचा थर फोडायचे दोन मार्ग दिसतात. त्यातून काहीतरी टोकदार खाली घुसवायचं, किंवा ते पाणी शोषून, पुसून काढायचं. विसाव्या शतकाचा उत्तरार्ध आधी पहिल्या वाटेने गेला आणि पस्तावून दुसरीकडे वळला.

कार्बाइडचा दात

चामड्यातला पोलादी खिळा लवकर झिजायचा. त्यावरचा उपाय यंत्रशाळेतून आला. १९२० च्या दशकात जर्मनीत टंगस्टन कार्बाइडची हत्यारं बाजारात आली. चाकण किंवा कोल्हापूरच्या कुठल्याही टर्नरला ही 'कार्बाइड टिप' माहीत आहे. लेथवर पोलाद कापायला तीच लागते. त्याच कार्बाइडची बारीक सुई पोलादी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या टोपीत बसवून टायरच्या रबरात ठोकली, तर ती हजारो किलोमीटर टिकते. नोकियाचा खिळ्यांचा हक्कापेलिट्टा १९६१ मध्ये आला. दशकभरात नॉर्डिक देश, जर्मनी, अमेरिका, कॅनडा आणि जपानमध्ये खिळ्यांचे टायर पसरले.

ओल्या बर्फावर खिळ्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही, ही गोष्ट आजही खरी आहे. पण चाक हिवाळाभर बर्फावरच धावत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांनी रस्त्यावर मीठ टाकून डांबर उघडं ठेवायचं धोरण धरलं होतं. मिठाने गाड्यांचे पत्रे सडत आणि विहिरी खारावत, ती वेगळीच कहाणी. पण डांबर उघडं राहिल्यामुळे पोलाद कापणारी टिप रोज लाखो वेळा उघड्या डांबरावर आदळू लागली. रस्त्यांना चाकोऱ्या पडल्या. त्यांत पावसाचं पाणी साचून गाड्या भर उन्हाळ्यातही घसरू लागल्या. रस्तादुरुस्तीची बिलं आली आणि सरकारं जागी झाली. कॅनडातल्या ऑन्टारिओने १९७१ मध्ये बंदी घातली, अमेरिकेत मिनेसोटानेही त्याच सुमारास घातली. पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये खिळे हद्दपार केले.

इथे किमतीचा हिशेब पहिल्यांदा उघड्यावर आला. साखळीचा त्रास साखळीवाल्यापुरता होता. खिळ्यांचा फायदा गाडीवाल्याला आणि खर्च मात्र सगळ्यांच्या करातून. तरी रस्ता ही निर्जीव वस्तू. डांबर पुन्हा घालता येतं. खरी किंमत जपानने पाहिली.

सेंदाईची धूळ

ईशान्य जपानमधलं सेंदाई हे मोठं शहर. तिथे हिवाळा कडक असला तरी रस्ते हिमाखाली सतत गाडलेले नसतात. लोक नोव्हेंबरात खिळ्यांचे टायर चढवत आणि वसंतापर्यंत उतरवत नसत. मधले कित्येक दिवस खिळे कोरड्या डांबरावर चालत. डांबराची आणि खडीची पूड हवेत उडे, खिडक्यांच्या काचांवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे, आणि माणसांच्या छातीत जाई. लोक तोंडाला फडकी बांधून फिरू लागले. तक्रारी वाढल्या, वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला, आणि १९८५ मध्ये सेंदाई ज्या मियागी प्रांतात आहे त्याने खिळ्यांच्या टायरांविरुद्ध जपानमधला पहिला प्रांतिक कायदा केला. नागानोतल्या वकिलांनी टायर कंपन्यांविरुद्ध पर्यावरणीय तंट्यांच्या सरकारी आयोगाकडे दाद मागितली. १९८८ मध्ये तडजोड झाली : डिसेंबर १९९० नंतर उत्पादन बंद, मार्च १९९१ नंतर विक्री बंद. १९९० मध्ये संसदेने देशभरासाठी कायदाही केला.

ज्यांनी बंदी स्वीकारली त्याच कंपन्यांपुढे आता प्रश्न होता, की लोकांना बर्फावर थांबवायचं कसं. ब्रिजस्टोनने १९८८ मध्ये 'ब्लिझॅक' आणला. त्याच्या रबरात असंख्य सूक्ष्म बुडबुडे होते. रबर झिजेल तसे नवनवे बुडबुडे उघडे पडतात, बर्फावरचा पाण्याचा थर आत ओढून घेतात, आणि कोरडं झालेलं रबर बर्फाला चिकटतं. तोयो कंपनीने रबरात अक्रोडाच्या टरफलांचा चुरा घातला. टरफल बर्फाला ओरखडायला पुरेसं कठीण असतं, पण डांबरापेक्षा मऊ. म्हणजे ते बर्फाला नडतं आणि रस्त्यापुढे हार मानतं. खिळ्याला नेमका हाच विवेक नव्हता.

हवा स्वच्छ झाली, पण हिशेब अजून पुरा व्हायचा होता. खिळे बर्फाला सतत खरवडत असत. ते गेल्यावर होक्काइडोतल्या साप्पोरोच्या चौकांत मऊ रबराची चाकं थांबताना आणि निघताना बर्फाला पॉलिश करू लागली. चौक आरशासारखे झाले. गाड्यांबरोबर पायी चालणारे पडू लागले. महापालिकेने चौकाचौकांत बारीक खडीच्या पेट्या ठेवल्या. जाता-येता कुणीही पिशवी उचलावी आणि पायाखाली खडी टाकावी. काही उतारांवर रस्त्याखाली तापकनळ्या घातल्या. छातीत जाणारी धूळ थांबवण्याची किंमत शहराने अशी खडी आणि विजेत मोजली. बहुतेकांना तो सौदा पटला.

मऊपणाचं रसायन

मऊ रबराची वाट एकदा धरल्यावर टायरची निम्मी कारागिरी नक्षीतून रसायनात गेली. रबराचे रेणू लांबलचक असतात. उबेत ते हलतात, वाकतात आणि रस्त्याच्या खडबडीत बसतात. थंडी वाढली की त्यांची हालचाल मंदावते आणि एका तापमानाखाली रबर ठिसूळ काचेच्या जातीचं होतं. उन्हाळी टायरचं मिश्रण साधारण ७ अंशांच्या खालीच ताठर व्हायला लागतं. म्हणून हिम पडलेलं नसलं तरी थंडगार कोरड्या रस्त्यावर उन्हाळी टायर कमी पडतो. हिवाळी मिश्रणात नैसर्गिक रबराचा वाटा मोठा असतो आणि काजळीच्या जोडीला सिलिका घालतात, म्हणजे ते कडक थंडीतही लवचीक राहतं.

याच्या जोडीला ठोकळ्यांवरचे बारीक चिरे. हिवाळी टायर जवळून पाहा : प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या नागमोडी रेघा दिसतील. जॉन साइप या अमेरिकनाने १९२३ मध्ये भरीव रबरी टायरसाठी अशा चिऱ्यांचं पेटंट घेतलं. कत्तलखान्याच्या ओल्या फरशीवर घसरू नये म्हणून त्याने आधी स्वतःच्या बुटांचे तळ कापले होते, असं सांगतात. ब्रेक लागला की चिरे उघडतात, कडा बर्फाला खरवडतात आणि फटीत पाणी ओढलं जातं. एका टायरवर अशा शेकडो कडा काम करत असतात.

मऊपणाची किंमत टायर स्वतः मोजतो. तोच टायर मे-जूनपर्यंत ठेवला तर गरम डांबरावर भराभर झिजतो, आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. म्हणून दोन संच, वर्षातून दोन अदलाबदली, आणि उरलेला संच ठेवायला जागा. फिनलंड आणि जर्मनीत गॅरेजवाले ग्राहकांचे टायर ऋतूभर सांभाळतात. जर्मन लोक 'ऑक्टोबर ते ईस्टर' हा साधा नियम पाळतात.

कडेवरचा डोंगर

बाजारात हिवाळी टायर म्हणून काहीही विकलं जाऊ लागल्यावर खरा कोणता हे ठरवणं आलं. जुनी खूण 'एम+एस', म्हणजे चिखल आणि हिम. ती नक्षीच्या आकारावरून कंपनी स्वतःच लावायची, परीक्षा नसायची. १९९९ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या रबर उद्योगाने नवी खूण आणली : तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण. ती मिळवायची तर दाबलेल्या हिमावर एका प्रमाण टायरपेक्षा किमान दहा टक्के जास्त ओढ दाखवावी लागते. पुढे युरोपनेही ती घेतली. जर्मनीत २०१८ पासून बनलेल्या टायरला ही खूण नसेल तर तो हिवाळी धरला जात नाही, आणि जुन्या 'एम+एस' टायरची सवलतही सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. तरी एक मेख आहे. ही परीक्षा हिमावरच्या ओढीची आहे. बर्फावर थांबण्याबद्दल डोंगर काहीच सांगत नाही.

त्यामुळे टोरांटो, म्युनिक किंवा स्टॉकहोमला नुकत्याच गेलेल्या मराठी कुटुंबाला 'चांगला विंटर टायर कोणता?' या प्रश्नाचं एक उत्तर मिळत नाही. म्युनिकसारख्या ठिकाणी हिवाळ्याचे बरेच दिवस ओले, थंड आणि वेगवान महामार्गाचे असतात. तिथला मध्य युरोपीय टायर थोडा ताठ, पाणी काढण्यात पटाईत. उत्तर स्वीडनमध्ये महिनोन् महिने दाबलेला बर्फ असतो, तिथे नॉर्डिक जातीचा अतिमऊ टायर किंवा खिळे. नॉर्डिक टायर म्युनिकच्या पावसात ढिला वाटतो, आणि म्युनिकचा टायर उत्तर स्वीडनच्या बर्फावर हतबल होतो.

निवड झाल्यावरचे नियम मात्र सगळीकडे सारखे. चारही चाकांना एकच जात. फक्त पुढची दोन बदलली तर पुढचं टोक धरतं, मागचं सुटतं आणि वळणावर गाडी गिरकी घेते. फोर-व्हील-ड्राइव्हवर भिस्त ठेवू नये. ती निघायला मदत करते, थांबायला नाही. थांबताना सगळ्या गाड्यांना ब्रेक चारच. हवा थंडीतच तपासायची, कारण पारा पाच-सहा अंश उतरला की साधारण एक पीएसआय हवा कमी भरते. कायद्याची मर्यादा युरोपात बहुतेक ठिकाणी १.६ मिलिमीटर असली, तरी हिवाळी टायरसाठी फिनलंड आणि स्वीडन ३, तर ऑस्ट्रिया ४ मिलिमीटर खोली मागतात. खिशातलं दोन युरोचं नाणं खाचेत उभं घालावं. त्याची चंदेरी कड सुमारे ४ मिलिमीटरची असते. ती बाहेर दिसू लागली की नव्या टायरचे पैसे बाजूला काढायची वेळ झाली. नवे खिळ्यांचे टायर पहिले काही शे किलोमीटर सांभाळून, झटके न देता चालवावे, म्हणजे खिळे रबरात घट्ट बसतात.

आपली बाजू

भारतात हा सगळा इतिहास जवळजवळ साखळीवरच थांबला आहे. टंगमर्गहून गुलमर्गला चढताना हिमवृष्टीच्या दिवसांत साखळी नसलेल्या साध्या गाड्या खालीच अडवतात. पुण्या-मुंबईचे प्रवासी तिथे साखळी चढवलेल्या स्थानिक गाडीत बसतात. वर्षातले थोडे दिवस आणि थोडे किलोमीटर बर्फ असेल तर दुसरा संच कोण घेणार? पण टायर बनवण्यात आपण मागे नाही. अपोलोने २००९ मध्ये नेदरलँड्सची हिवाळी टायरसाठी नावाजलेली फ्रेडेस्टाइन कंपनी विकत घेतली. मुंबईची सिएट युरोपच्या बाजारासाठी हिवाळी टायर काढते. हिमाशी गाठ न पडणारे हात हिमाचा टायर घडवतात, हे आता नवलाचं राहिलेलं नाही.

जागतिक धंद्याचा दुसरा चेहरा नोकियापासून वेगळ्या झालेल्या नोकियन टायर कंपनीने पाहिला. तिचे मोटारींचे बहुतांश टायर रशियातल्या सेंट पीटर्सबर्गजवळच्या कारखान्यात बनत. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर २०२२ मध्ये तिने तिथून बाहेर पडायचं ठरवलं, २०२३ मध्ये कारखाना विकला आणि रोमानियात नवा उभारला.

हिशेब अजून चालूच

खिळे अजून संपलेले नाहीत. नॉर्डिक देशांत ते चालतात, पण मोजून. २०१३ पासून तिथे टायरच्या घेरावर दर मीटरला ५० पेक्षा जास्त खिळे लावायचे, तर रस्ता फारसा झिजत नाही हे चाचणीत सिद्ध करावं लागतं. ओस्लोमध्ये खिळ्यांवर शुल्क आहे. स्टॉकहोमच्या हॉर्न्सगाटान या रस्त्यावर धुळीमुळे २०१० पासून त्यांना बंदी आहे. एका देशात कायदा हिवाळी टायर लावायला भाग पाडतो आणि त्याच देशातला एक रस्ता त्यातल्या एका जातीला अडवतो. यात विसंगती दिसली तरी हिशेब सरळ आहे : पकड गाडीवाल्याची, धूळ रस्त्यालगत राहणाऱ्यांची. सक्तीचंही तसंच. क्वेबेकने २००८ मध्ये हिवाळी टायर बंधनकारक केला, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा. शेजारच्या ऑन्टारिओने सक्ती टाळली, पण विमा कंपन्यांनी अशा टायरवर सवलत दिलीच पाहिजे असा नियम २०१६ पासून लावला. एकाने कायद्याने, दुसऱ्याने खिशामार्गे तेच साधलं.

इतकं सगळं करूनही भौतिकशास्त्र थोडंच हलतं. कोरड्या डांबरावर ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी ब्रेक दाबल्यावर साधारण १२ मीटरमध्ये थांबते. बर्फावर घर्षणांक ०.१ धरला तर तेच अंतर ९८ मीटरच्या आसपास जातं. उत्तम टायर हे अंतर कमी करतो, पण ते पुन्हा १२ वर आणत नाही. वेग निम्मा केला मात्र, तर अंतर चौथाई होतं, आणि त्यासाठी कुठलंही रबर लागत नाही.

ज्या देशाने जगाला पहिला हिवाळी टायर दिला, त्याने ही गोष्ट गांभीर्याने घेतली. फिनलंडमध्ये शरद संपताना गाड्यांचे टायर बदलतात, तशा रस्त्यांवरच्या वेगमर्यादेच्या पाट्याही बदलतात. अनेक मोठ्या रस्त्यांवर १०० च्या जागी ८०, मोटरवेवर १२० च्या जागी १००. साखळी, खिळा, बुडबुड्यांचं रबर या सगळ्यांनी पकडीची किंमत कधी चालकाच्या बोटांवर, कधी रस्त्यावर, कधी शेजाऱ्याच्या छातीवर टाकली. पाटी बदलल्यावर तीच किंमत सगळ्यांच्या घड्याळात थोडी-थोडी वाटली जाते. या वंशावळीत इतकी न्याय्य वाटणी दुसऱ्या कुठल्या उपायाला जमलेली नाही, आणि ती विकत घ्यायला दुकानात जावंही लागत नाही.